किच्चूचा जाळ आणि रंगाचं विमान

संक्रांत जवळ आली की मी संध्याकाळच्या खिडक्या लावून घेते. थंडीसाठी नाही. म्हैसूरची थंडी ती काय, एक शाल आणि लोटाभर कॉफी यांत आटोपते. मी खिडक्या लावते त्या वासासाठी. गावाबाहेर अजून जी थोडी शेतं उरली आहेत, तिकडून भाताचा पेंढा जळल्याचा वास येतो, आणि तो नाकात गेला की माझे हातपाय गार पडतात. इतकी वर्षं लोटली तरी पडतात. मी जन्माचीच भित्री, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करायला नको. पाल, वीज, विहीर, डॉक्टर आणि दाराशी आलेला तारवाला, या सगळ्यांना मी भीत आले. पण पेंढ्याच्या धुराची भीती माझ्याबरोबर जन्मलेली नव्हती. ती एका पौषात लागली आणि मग घरच करून राहिली.

काल शेजारची सुमित्रा एळ्ळु-बेल्ला घेऊन आली. तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, डाळं, आणि वर साखरेचा एक इवलासा हत्ती. आम्ही मराठे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, त्यामुळे याला तिळगूळ म्हणायचं की एळ्ळु-बेल्ला, यावर आमच्यात वाद होत नाही. हातावर पडेल ते तोंडात टाकायचं. सुमित्रा म्हणाली, “अज्जी, खिडकी का बंद? चला की किच्चू बघायला, मुलं निघालीत सगळी.” मी म्हटलं, “तुम्ही जा. मी पाहिलाय.” तिला वाटलं, गुडघे दुखत असतील म्हातारीचे. मीही तसंच वाटू दिलं.

किच्चू पुण्याकडच्या पाहुण्यांना ठाऊक नसतो. आमच्याकडे संक्रांतीला गुरांना न्हाऊ घालतात, अंगाला हळद फासतात, शिंगं रंगवतात, गळ्यात झेंडूच्या माळा आणि घुंगरं बांधतात. दिवस कलला की वेशीजवळ पेंढा ओळीने पसरून पेटवतात आणि तमटे, म्हणजे हलग्या, बडवत, आरडाओरडा करत गुरांना त्या जाळावरून पळवतात. जनावर उडी मारून पार झालं की त्याची वर्षाची इडापिडा जळाली. जाळाची ओळ जितकी लांब, तितकं वर्ष बरकतीचं, अशी समजूत. बघायला फार छान असतं. अंधारतं आभाळ, खाली केशरी जाळ, आणि त्यावरून झेपावणारा हळदीचा पिवळा बैल. मला विचाराल तर मी लांबूनही बघणार नाही.

तेव्हा म्हैसूर संस्थान होतं. आमचे पूर्वज कधीकाळी घोडेस्वार म्हणून इकडे आले आणि घोड्यांबरोबरच राहिले. अप्पाही, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या घोडदळातून दफेदार होऊन निवृत्त झाले. आम्ही लष्कर मोहल्ल्यात राहायचो. गल्लीत एका टोकाला नालबंद, दुसऱ्या टोकाला कल्हईवाला, मधे आमचं कौलारू घर. पौषात सकाळी चामुंडीचा डोंगर धुक्यात कमरेपर्यंत बुडालेला असे. घराघरांत ओसरीवर बसून बायका अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत, आणि त्या शेंगांचा तेलकट, गोडूस वास बोटांना दिवसभर चिकटून राही. उसाच्या गाड्या रात्रंदिवस कुरकुरत जायच्या. त्या वर्षी या सगळ्यावर आणखी एक आवाज आला, वरून. तो आमच्या रंगाच्या विमानाचा होता.

रंगा म्हणजे रंगराव, माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो धड चालतही नव्हता. मीच त्याला वाढवलं. त्याचं जेवण, त्याचा ताप, त्याची शाळेतली भांडणं, सगळं माझ्याकडे. मी माझी मुलींच्या शाळेतली नोकरी केली आणि त्याला मोठा केला, आणि मोठा होऊन त्याने काय करावं? मद्रासला जाऊन विमान चालवायला शिकला. मग बंगळुरात एका कंपनीकडे लागला. दोन मजली पंखांचं, कापड आणि लाकडाचं छोटं विमान होतं ते. त्या हंगामात सरकारी कामाने त्याच्या म्हैसूरला फेऱ्या चालू झाल्या. नंजनगूड रस्त्याला, डोंगराच्या पलीकडे, एक सपाट मैदान विमानासाठी राखलं होतं आणि त्याची देखरेख अप्पांकडे होती. मधोमध चुन्याचं मोठं वर्तुळ काढायचं, दगडगोटे वेचायचे, गुराख्यांना लांब ठेवायचं, आणि विमान यायच्या वेळी ओला पेंढा पेटवून धूर करायचा. अप्पा ते काम तबेल्याच्या शिस्तीने करायचे. ते म्हणायचे, “घोडा असो की तुझं ते कापडी पाखरू, पाय टेकवायची जागा आपण बघून ठेवायची.”

रंगा यायचा त्या प्रत्येक दिवशी माझा जीव टांगणीला. शाळा सुटली की मी टांगा करून मैदानावर जायची. अप्पा वैतागायचे. “भितेस तर येतेस कशाला? सुम्ने, गप घरी बस की.” पण घरी बसून भिणं जास्त वाईट. तिथे निदान आभाळ तरी दिसायचं. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड आणि चिंचेचं झाड होतं, त्या झाडाला टेकून मी उभी राहायची. सगळ्यात वाईट क्षण तो, जेव्हा विमान खाली यायला लागलं की त्याचा आवाज एकदम बसायचा. घरघर थांबली की मला वाटायचं, झालं, बंद पडलं, आता पडतंय.

एकदा रात्री जेवणं झाल्यावर मी त्याला तसं म्हटलं, तर तो हसत सुटला. “अक्का, ते मी मुद्दाम करतो. इंजिन मंद केल्याशिवाय खाली कसं यायचं? उडायचं काय, कुणीही उडेल. आम्हाला पगार मिळतो तो उतरण्याचा.” मग तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि मला विमान उतरवायला शिकवू लागला. सोललेल्या अवरेकाळूंचा ढीग म्हणजे चामुंडी, सुपाची कड म्हणजे नंजनगूड रस्ता, आणि त्याचा तळहात म्हणजे विमान. वारा नेहमी तोंडावर घ्यायचा. पाठीवर घेतला तर विमान थांबतच नाही, मैदान संपून जातं. म्हणून धूर आधी बघायचा, आणि धूर ज्या बाजूला कलतो त्या बाजूने यायचं. एकदा मैदानावरून नुसतं जायचं, खाली जनावर आहे का, खड्डा आहे का ते बघायचं. मग वळसा घालायचा, इंजिन मंद करायचं आणि घसरत यायचं.

“आणि जमीन किती खाली आहे ते कसं कळतं?” मी विचारलं. मला खरंच ते जाणून घ्यायचं होतं. “लांब बघायचं. अगदी खाली बघितलं की जमीन पळत सुटते, काही अंदाज येत नाही. लांब बघितलं की ती हळूहळू वर येते, आपल्या डोळ्यांच्या पातळीला. मग नाक उचलायचं आणि वेग मरेपर्यंत तसंच धरून ठेवायचं. शेवटी विमानच कंटाळून बसतं.” त्याने तळहात उचलून दाखवला, आणि मग जरा थांबून म्हणाला, “फक्त एक आहे. नाक उचललं की पुढचं दिसत नाही. समोर इंजिनच येतं. मग डावीकडे मान काढून बाजूची जमीन बघत टेकायचं.”

“म्हणजे शेवटी तू आंधळा?”

“थोडा वेळच गं. तेवढ्यात समोर काही येऊ नये, झालं.”

त्याने तळहात अलगद जमिनीवर टेकवला आणि काळूंचा ढीग सुपात लोटून दिला. माझी झोप मात्र त्या दिवसापासून उडाली. आधी मी मोघम भीत होते, आता नेमकं काय भ्यायचं ते कळलं. शिकल्याने माणसाची भीती जाते असं मी शाळेत मुलींना सांगायची. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही, उलट माझी भीती व्यवस्थित शिकूनसवरून तयार झाली.

आता म्हणे वैमानिकाशी खालून कुणीतरी सारखं बोलत असतं, आणि धावपट्टीला दोन्ही बाजूंनी दिवे असतात. असू देत बाई. अजूनही डोक्यावरून विमान गेलं की मी हातातलं काम टाकून बघत राहते, ते नजरेआड होईपर्यंत. आमच्या वेळी वैमानिकाशी खालून बोलायला नुसता धूर होता. त्यात जे सांगता येईल तेवढंच सांगायचं.

संक्रांतीच्या दिवशी तारवाला आला. मी दाराशी जाऊन तार घेतली आणि उभ्या उभ्याच उघडली. त्यात एवढंच होतं की रंगा दुपारी निघतोय. मी पुरणाचं आवरलं, एळ्ळु-बेल्लाची पुडी बांधली आणि अप्पांबरोबर मैदानावर गेले. सण म्हणून अप्पांनी पांढरा फेटा बांधला होता. दुपार कलली, धूर करून झाला, धुराचा कल मावळतीकडे होता, म्हणजे वारा उगवतीचा. सगळं ठीक होतं. विमान मात्र येईना.

सुगीचे दिवस. गुऱ्हाळांचा धूर, शेतातली धसकटं जाळल्याचा धूर, आणि वर थंडीचं धुकं. आभाळ स्वच्छ असूनही भोवताली सगळं दुधाळ झालं होतं. रंगा बंगळुराहून रेल्वेचे रूळ धरून यायचा, मग श्रीरंगपट्टणची नदी, मग राजवाड्याचा घुमट, मग डोंगराला वळसा. अशा धुरकट हवेत रूळ हरवत असतील, आणि एकदा हरवले की शोधत फिरावं लागत असेल, हे मला कळत होतं. फिरायला पेट्रोल लागतं, हेही कळत होतं. अप्पा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होते, आणि घोडा आजारी असला की ते असेच फिरायचे.

सूर्य टेकला तेव्हा अप्पा माझ्याजवळ आले. “जाळ करायला हवेत,” म्हणाले. रंगाने एकदा सांगून ठेवलं होतं, अंधार पडायला लागला तर वाऱ्याच्या रेघेत जाळांची एक ओळ लावा, माझ्या डाव्या हाताला येईल अशी. पहिल्या जाळाशी मी चाकं टेकवीन. हे आम्ही तोवर कधी केलं नव्हतं. धुरासाठी आणलेला पेंढा शेडमधे होता. अप्पांनी आणि मी त्याचे ढीग वाहून नेले. अप्पांनी एक डोळा मिटून ओळ लावली, परेडला घोडे लावावेत तशी सरळ. जवळच्या पिंपात पाणी होतं, त्यात गोणपाटं भिजत टाकली, कारण भोवती वाळलेलं गवत, ठिणगी कुठे जाईल याचा नेम नाही. मग घासलेट शिंपडलं आणि एकेक ढीग पेटवत गेलो. जाळ उभे राहिले. खरं सांगते, त्या वेळी मला जरा धीर आला. इतका उजेड आहे, म्हटलं, दिसेल त्याला.

आणि त्याच वेळी डोंगराकडून विमानाची बारीक घरघर आली. अप्पांनी फेटा सावरला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागले. मी पहिल्या जाळाजवळ उभी राहिले. घरघर वाढत गेली. विमान डोंगराच्या कडेने आलं, मैदानावरून एकदा गेलं, आणि वळसा घ्यायला मावळतीकडे निघालं. मैदान तेव्हा मोकळं होतं. रंगाने ते मोकळं बघितलं होतं. हे मी पुन्हा पुन्हा का सांगते, ते पुढे कळेल.

मग मला तमटे ऐकू आले.

मैदानाजवळच्या तळ्यापलीकडे मरिगौडाचं गाव होतं. मरिगौडा गावचा मोठा शेतकरी आणि अप्पांचा दोस्त. त्याच्या गुरांना काही झालं की अप्पा धावून जायचे, आणि दर संक्रांतीला त्याच्या किच्चूचा पहिला बैल अप्पांच्या हातून जाळावरून जायचा. तो मान अप्पांचा होता. त्या संध्याकाळी मरिगौडा अप्पांची वाट बघत वेशीवर थांबला होता. अप्पा आले नाहीत, पण मैदानावर जाळांची ओळ उभी राहिलेली दिसली. एरवी त्या मैदानाच्या अंगाला जनावर नेलं तर अप्पा काठी घेऊन धावायचे, आणि हे गावाला पक्कं माहीत होतं. पण संक्रांतीच्या संध्याकाळी पेंढ्याचे जाळ ओळीने पेटलेले, तेही सरकारी जागेत, तेही दफेदारांनी लावलेले. त्या ओळीचा दुसरा काय अर्थ लागणार होता कुणाला? सगळं गाव गुरं घेऊन निघालं.

मरिगौडा पुढे होता, तोंडभर हसू, खांद्यावर नवी घोंगडी. “दफेदारप्पा,” त्याने लांबूनच हाक दिली, “यंदा इथे का? आम्हाला सांगायचं तरी. गावभर शोधलं तुम्हाला.”

अप्पा दोन्ही हात वर करून धावत येत होते. “मागे घे, गौडा. गुरं मागे घे. विमान उतरतंय.”

मरिगौडाने आभाळाकडे बघितलं. तमट्यांच्या दणक्यात त्याला विमानाची घरघर ऐकू येत नव्हती. “येऊ दे की,” तो म्हणाला, “त्यालाही ओवाळू.”

तोवर पहिला बैल सुटला होता. एक बैल जाळावरून गेला की मागचे थांबत नाहीत. पिवळे, शिंगांना लाल रंग फासलेले बैल एकामागून एक उड्या मारत ओळीच्या पलीकडे गेले आणि नेमके तिथे पसरले, जिथे रंगाला टेकायचं होतं. गायी, वासरं, त्यांच्यामागे ओरडणारे गडी. आणि वर, मावळतीकडे, घरघर एकदम मंद झाली.

त्या मंद होण्याचा अर्थ मला माहीत होता. आता त्याने ठरवलं होतं. आता तो घसरत येत होता. आता तो नाक उचलणार आणि त्याला पुढचं दिसणार नाही, तो डावीकडचे जाळ बघत बघत थेट बैलांत शिरणार. ओरडायला तोंड उघडलं, आवाजच फुटला नाही. पायांनी मात्र माझं न ऐकता पिंप गाठलं. मी भिजलेलं गोणपाट ओढलं आणि पहिल्या जाळावर घातलं. विझवला तर तो अंधारात, नाही विझवला तर बैलांत. हा विचार मी विझवताना करत होते, आधी नाही. गोणपाटाखालून जाळ बाहेर जीभ काढत होता. मी त्यावर दुसरं टाकलं, तिसरं टाकलं, पायांनी तुडवलं. पदर पेटला, तो मुठीत धरून चोळला. माझ्या खांद्याला घासून एक बैल गेला, त्याचा गरम श्वास मानेवर आला, घुंगरांचा आवाज कानात भरला. मी रडत होते आणि देवाचं नावसुद्धा आठवत नव्हतं.

मग डोक्यावर इंजिन एकदम गर्जलं. चाकं इतक्या खालून गेली की वाऱ्याने उरलेल्या जाळांच्या ठिणग्या मैदानभर उधळल्या. बैल चौखूर सुटले. रंगाने काय बघितलं, विझलेला जाळ की जाळांसमोरून जाणाऱ्या काळ्या सावल्या, देव जाणे. विमान चढत गेलं, आणि पुढे, डाव्या अंगाला, चामुंडीचा डोंगर नुसता काळा उभा होता.

रंगा नेहमी डावीकडेच वळायचा. त्याला डावीकडून मान काढून बघायची सवय होती, हे त्यानेच दाखवलं होतं मला. मी जागच्या जागी पुटपुटत होते, उजवीकडे जा बाबा, उजवीकडे. विमान डावीकडे कललं. मग डोंगराच्या काळोखात दिसेनासं झालं. मग आवाजही डोंगराआड गेला आणि थांबला.

तमटे बंद पडले होते. मरिगौडाच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. त्याने अप्पांकडे बघितलं आणि अप्पांनी त्याच्याकडे. मग मरिगौडाने घोंगडी फेकली आणि तो धावायला लागला. गडी धावले, बायका धावल्या, जो तो आपापलं जनावर धरून मैदानाबाहेर ओढू लागला. अप्पा मला म्हणाले, “पेटव. परत पेटव.” पण पेंढा संपत आला होता. मरिगौडाच्या माणसांनी गावच्या किच्चूसाठी रचून ठेवलेला पेंढा भारे करून डोक्यावर आणला. सणाचा पेंढा. कुणी विचारलंसुद्धा नाही, कुणी सांगितलंसुद्धा नाही.

त्या वेळात डोंगराकडून काहीच येत नव्हतं. लोक विचारतात, भीती म्हणजे काय, तर मी त्यांना ती वेळ सांगू शकत नाही. तेव्हा मी नुसती ऐकत होते. माझं सगळं अंग कान झालं होतं. गुरांच्या घुंगरांमुळे ऐकू येणार नाही म्हणून ओरडायला मी वळले, तर काय, मैदानाच्या कडेला सगळं गाव जमिनीवर बसलेलं, आणि ज्याने त्याने आपल्या बैलाच्या गळ्यातली घुंगरं मुठीत आवळून धरलेली. एकही वाजत नव्हतं. एवढी माणसं, एवढी गुरं, आणि त्या शांततेत फक्त पेंढ्याची चरचर. आज कुणाशी बोलताना माझा आवाज चढला की मला ती माणसं आठवतात, आणि मी गप्प होते.

पेट्रोल संपलं असेल. डोंगराला धडकला असता तर आवाज आला असता. की नसता आला? एवढ्या लांबून कळतं का? मी अप्पांकडे बघितलं नाही. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. कुणी कुणाकडे बघितलं असतं तर तिथेच धीर सुटला असता.

आवाज आला तो उगवतीकडून. उतरायला तो मावळतीकडूनच येणार म्हणून आम्ही सगळे तिकडे तोंड करून होतो, त्यामुळे आधी कुणाचा विश्वासच बसेना. रंगा आख्ख्या डोंगराला वळसा घालून आला होता. आता आभाळात मावळतीला एक फिकट पट्टी तेवढी उरली होती. ती पट्टी ओलांडताना विमान क्षणभर दिसलं, आणि पुन्हा हरवलं. मरिगौडा हळूच म्हणाला, “कुणी हलू नका,” आणि कुणीही हललं नाही. मी पहिल्या जाळापाशीच होते, जळका पदर कमरेला खोचलेला. घरघर मंद झाली. मग ती जवळजवळ नाहीशीच झाली आणि पंखांना ताणून बांधलेल्या तारांची शीळ तेवढी ऐकू यायला लागली. ती शीळ अंधारातून माझ्यावरच येत होती असं वाटलं, आणि मी खाली बसले.

विमान माझ्या शेजारून गेलं. जाळाच्या उजेडात त्याचं पोट तांबडं दिसलं. नाक वर होतं. आता तो आंधळा, मी मनात म्हटलं, आता, आता. चाकं आपटली, विमान पुन्हा उडालं, पुन्हा आपटलं, आणि मग धडधडत, हेलकावत ओळीच्या कडेने पळत गेलं. शेवटच्या जाळाच्या थोडं पुढे थांबलं. पंखा फिरत राहिला, मग थांबला.

मी उठून धावले. अप्पा आधी पोचले होते. ते विमानाच्या पुढ्यात उभे राहून इंजिनच्या पत्र्यावर तळहात टेकवून होते, जनावर दमून आल्यावर ठेवतात तसा, आणि त्यांचा फेटा सुटून गळ्यात आला होता. रंगा खाली उतरत नव्हता. मला वाटलं, लागलं. मी खालच्या पंखावर पाय देऊन चढले, आयुष्यात पहिल्यांदा. तो आत ताठ बसला होता. चष्मा डोळ्यांवर तसाच, दोन्ही हात विमान चालवायच्या दांड्याला आवळलेले. मी त्याच्या हाताला हात लावला, तर तो माझ्यापेक्षा गार होता. मला तोवर वाटायचं, भीती ती खाली उभ्या असलेल्यांना. वरच्याला कामच इतकं असतं की त्याला सवड नसेल.

“अक्का,” तो म्हणाला. समोर बघत.

“हां रे.”

“मी खाली आलोय का?”

“आलास. बघ ना, थांबलंय सगळं. उतर.”

त्याने मान हलवली, पण हात सोडले नाहीत. “मला अजून खालीच जातोय असं वाटतंय,” म्हणाला. “तू खाली उतर आणि पाय आपटून दाखव. मला ऐकू येऊ दे.”

मी पंखावरून खाली उतरले आणि जमिनीवर पाय आपटला. काहीच झालं नाही. मी पुन्हा आपटला, जोरात, टाच दुखेपर्यंत. त्याचं डोकं जरासं माझ्या बाजूला वळलं, हात तिथेच. मग माझ्या शेजारी अप्पांनी इंजिनवरचा हात काढला आणि आपल्या जड बुटाने पाय आपटला. मग मरिगौडाने. काय चाललंय ते न कळता, मागून आलेले गडी, बायका, सगळं गाव मैदानावर पाय आपटू लागलं, आणि माझ्या तळपायांखाली जमीन थरथरायला लागली. तेव्हा कुठे रंगाने दांडा सोडला.